घट आणि गाढव : बँडविड्थच्या वाढीची एक चिकित्सा



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा आम्ही त्यांना फोनवर दोनदा विचारलं, ‘नक्की आम्हालाच बोलवायचंय ना?’ आंतरराष्ट्रीय इंटरनेट बँडविड्थची वाढ आणि तिचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम. यावर अभियंत्याने बोलावं, अर्थतज्ज्ञाने बोलावं. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचं इथे काय काम? ते म्हणाले, ‘सर, आकडे सांगणारे येऊन गेलेत. आता आकड्यांना प्रश्न विचारणारं कोणीतरी हवं.’ हे काम आम्हाला जमण्यासारखं आहे. उभ्या हयातीत आम्ही दुसरं फारसं काही केलेलं नाही. आणि हो, आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो त्यात मोठेपणा काही नाही. गुरुजींची सवय आम्हाला लागली, ती आता सत्तरी उलटल्यावर सुटायची नाही.

तर या विषयावरच्या कुठल्याही सादरीकरणात एक आलेख हमखास असतो. खाली वर्षं. एक रेघ बँडविड्थची, एक रेघ राष्ट्रीय उत्पन्नाची. दोन्ही डावीकडून उजवीकडे चढत जातात. बोलणारा त्या रेघांवरून लाल ठिपका फिरवतो आणि म्हणतो, ‘बघा.’ झालं, सिद्धता संपली. आमचा प्रश्न एवढाच, की त्या ‘बघा’मध्ये नेमकं काय बघायचं असतं?

आधी बँडविड्थ म्हणजे काय ते पाहू. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येईल त्याचं हे माप आहे. यातलं ‘येईल’ हे क्रियापद लक्षात ठेवा. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे आपलं ट्राय, त्याने 2023 मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे समुद्राखालून येणाऱ्या 17 आंतरराष्ट्रीय केबली भारताच्या किनाऱ्यावर 14 स्टेशनांत उतरत होत्या. 2022 च्या अखेरीस त्यांची उपकरणं बसवून सज्ज केलेली क्षमता सेकंदाला सुमारे 138.6 टेराबिट होती आणि त्यातली चालू केलेली 111.1. आता मागे जा. 1994 साली सी-मी-वी 2 नावाची केबल मुंबईत उतरली. तिच्यात काचतंतूच्या एका जोडीतून सेकंदाला 560 मेगाबिट जात. म्हणजे त्या एका जोडीच्या तुलनेत 2022 अखेरची क्षमता अडीच लाख पटींच्या घरात. डोळे दिपतात हे आम्हीही कबूल करतो.

पण आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं की उजनी 117 टीएमसीचं धरण आहे. आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हेही त्याला पाठ असतं. यात धरण खोटं नाही, टीएमसीही खोटे नाहीत. त्या आकड्यावरून आपल्या नळाचं अनुमान करता येत नाही, एवढंच. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण खरी आहे. पण तिचं उलटं विधान, की आडात आहे म्हणजे पोहऱ्यात येणारच, हे खरं नाही. दोर लागतो, रहाट लागतो, आणि आडावर कोणाचा पहारा असेल तर त्याची परवानगी लागते. पाणी असणं आणि पाणी मिळणं यांतला फरक चवदार तळ्याच्या महाराष्ट्राला आम्ही काय शिकवणार?

आता त्या आलेखाच्या आधाराला जो आकडा दिला जातो त्याकडे येऊ. 1.38. जागतिक बँकेच्या 2009 च्या एका अहवालातला हा आकडा. शंभर माणसांमागे ब्रॉडबँडच्या जोडण्या दहाने वाढल्या, तर विकसनशील देशांत आर्थिक वाढीचा दर 1.38 टक्के-बिंदूंनी जास्त दिसतो, असं ते अनुमान. मंत्र्यांच्या भाषणांत, कंपन्यांच्या पत्रकांत, सरकारी धोरणांच्या प्रस्तावनांत तो इतकी वर्षं फिरतो आहे. आम्ही मूळ मांडणी शोधून वाचली. पहिली गोष्ट ही की तो आकडा जोडण्यांचा आहे, समुद्राखालच्या क्षमतेचा नाही. एका वस्तूचा दाखला दुसऱ्या वस्तूच्या गळ्यात बांधलेला आहे. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. त्या अभ्यासात 120 देशांच्या वाढीचा दर घेतलाय तो 1980 ते 2006 या काळातला. आता सांगा, 1980 साली ब्रॉडबँड कुठे होतं? 1990 साली तरी कुठे होतं? ते पसरायला लागलं 2000 च्या आगेमागे. म्हणजे ज्या वाढीचं कारण म्हणून ब्रॉडबँडला उभं केलं, तिचा मोठा भाग ब्रॉडबँडच्या जन्माआधीच होऊन गेला होता. यंदाच्या पावसाने गेल्या साली पीक आलं, असं म्हणण्यासारखं झालं हे. त्या अर्थतज्ज्ञांनी स्वतः बऱ्यापैकी सावधपणे लिहिलं आहे, त्यांच्यावर आमचा राग नाही. राग आहे तो पळीपळीने तीर्थासारखा तो आकडा वाटत सुटलेल्यांवर.

कारण म्हणजे काय, या प्रश्नावर आपल्या नैयायिकांनी फार बारीक विचार केलेला आहे, आणि तो या जागी नेमका कामाला येतो. घट, म्हणजे मडकं. मडक्याचं कारण कोण? जे मडक्याच्या आधी नेहमी असतं ते कारण, असं पटकन म्हणता येईल. पण तेवढं पुरत नाही. आधी तर पुष्कळ गोष्टी असतात. म्हणून ते एक अट घालतात : ते ‘अन्यथासिद्ध’ नसलं पाहिजे. म्हणजे तिथे हजर आहे, पण कार्य होण्यासाठी त्याची गरज नाही, असं नसलं पाहिजे. विश्वनाथ पंचाननांच्या भाषापरिच्छेदात अशा पाच हजेरीवीरांची यादी आहे. त्यातला चौथा कुंभाराचा बाप. बाप नसता तर कुंभार नसता, पण म्हणून बाप मडक्याचं कारण होत नाही. (केबल आपल्या कारकिर्दीत उतरली म्हणून श्रेय घेणारे मंत्री आम्ही याच वर्गात घालतो.) आणि पाचवं गाढव. माती आणणारं गाढव. एखाद्या मडक्याच्या आधी ते अगदी खरोखर दारात उभं असेल, पण तसलीच मडकी गाढवाशिवायही होतात. माती डोक्यावरून येते, गाडीतून येते. तेव्हा गाढव बिचारं कष्ट करूनही कारण नाही.

आमचा आजचा प्रश्न हाच. अर्थव्यवस्थेच्या मडक्याला बँडविड्थ ही चाक आहे की गाढव?

याचं उत्तर सरसकट देता येत नाही, म्हणून एक प्रकरण घेऊन बसावं लागतं. आम्ही मुंबईचं घेतो. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमाकडून. देशाबाहेर जाणारा जवळजवळ सगळा संचार त्या एकाच संस्थेच्या हातात होता. विद्यार्थ्याला वर्षाला 500 रुपयांत खातं मिळे, पण त्यावर नुसती अक्षरं दिसत. चित्रं बघायची तर हजारो रुपये मोजा. आता आमची गोष्ट ऐका. 1997 च्या सुमारास परदेशातल्या एका प्राध्यापकांशी आमचा पत्रव्यवहार चालू होता आणि त्यांनी ईमेलचा आग्रह धरला. सोलापुरातून इंटरनेट लावायचं तर पुण्याला एसटीडी लावावी लागे. आम्ही एका ओळखीच्यांच्या ऑफिसात रात्री दहानंतर, एसटीडी स्वस्त झाल्यावर, जात असू. एक पत्र जायला कधी दहा मिनिटं, कधी तीन वेळा लाइन तुटून अर्धा तास. महिनाअखेरीला बिल बघितलं तर अमेरिकेपर्यंत जायचा खर्च किरकोळ आणि पुण्यापर्यंत जायचा खर्च भारी. हजारो किलोमीटरचा समुद्र आम्हाला आडवा आला नव्हता हो. अडीचशे किलोमीटरचा पुणे रस्ता आला होता.

त्याच वर्षी फ्लॅग नावाची मोठी केबल कार्यान्वित झाली. इंग्लंडपासून जपानपर्यंत 28,000 किलोमीटर, मुंबईत उतरलेली. आडात पाणी आलं. पण आडावर निगमाचं एकच दार. 1998 च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली. बाहेरच्या टेलिफोनचं दार मात्र 2002 पर्यंत एकाच्याच ताब्यात राहिलं. आणि गंमत बघा, सॉफ्टवेअरची निर्यात त्याआधीच फुगायला लागली होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्ये बंगळुरूला काम सुरू केलं ते उपग्रहाच्या जोडणीवर. 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही सरकारी संस्था निघाली, तिने स्वतःची भूकेंद्रं उभारली आणि कंपन्यांना सेकंदाला 64 किलोबिटच्या जोडण्या दिल्या. 64 किलोबिट! आज तुमच्या खिशातला फोन त्याला जोडणी म्हणणार नाही. त्या सुतळीवरून शतकअखेरीपर्यंत अब्जावधी डॉलरचं काम बाहेर गेलं. कारण प्रोग्रॅम म्हणजे अखेर अक्षरं, आणि अक्षरांना जागा फार लागत नाही. उरलेलं काम विमानात बसून गेलेल्या पोरांनी तिकडे जाऊन केलं. म्हणजे या पहिल्या मडक्यापुरती समुद्री बँडविड्थ ही गाढव ठरते. दाराशी उभी होती, पण माती दुसऱ्या वाटेने आली. उलट मडकी खपू लागली म्हणून गाढवं घेतली गेली, असंही म्हणता येईल. आलेखातल्या दोन रेघा कोणामागून कोण चालली आहे ते सांगत नाहीत.

पण इथेच थांबलो तर आम्ही लबाडी केली असं होईल. कॉल सेंटरचं मडकं निराळं आहे. तिथे माल म्हणजे बोलणं. रात्रभर, न अडखळता, हजारो तोंडांनी एकाच वेळी. उपग्रहावरून आवाज जाऊन यायला अर्धा सेकंद लागतो. ग्राहक ‘हॅलो’ म्हणतो, थांबतो, पुन्हा ‘हॅलो’ म्हणतो आणि वैतागतो. ते काम काचेच्या तारेशिवाय आणि स्वस्त तारेशिवाय होणारं नव्हतं. तिथे केबल चाक आहे, हे निखालस कबूल.

मग ती स्वस्त कशी झाली? हा भाग आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण आलेखात तो कधीच नसतो. 1990 च्या दशकाअखेरीस पश्चिमेत केबली टाकण्याचं वेड लागलं होतं. वेड उतरलं आणि कंपन्या बुडाल्या. ग्लोबल क्रॉसिंग 2002 च्या जानेवारीत, फ्लॅग एप्रिलमध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या. अब्जावधी डॉलर खर्चून टाकलेली काच समुद्रतळाशी पडून होती. ती मोडीच्या भावाने विकत कोणी घेतली? 2004 च्या सुरुवातीला रिलायन्सने फ्लॅग घेतली 20.7 कोटी डॉलरना. एव्हाना टाटांकडे गेलेल्या विदेश संचार निगमाने टायको कंपनीचं जगभरचं जाळं घेतलं 13 कोटी डॉलरना. आपल्याला मिळालेला स्वस्तपणा हा अमेरिकन भागधारकांच्या बुडीत पैशातून आलेला आहे. त्याला धोरणाचं यश म्हणायचं की दुसऱ्याच्या लिलावाचा फायदा म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

आणि काच हाती आल्यावरही दार उघडलं असं नाही. फ्लॅगची तक्रार होती की केबलची क्षमता वाढवायची आहे, पण मुंबईच्या लँडिंग स्टेशनात निगम ती वाढवू देत नाही. म्हणजे समुद्रातून क्षमता किनाऱ्यापर्यंत आलेली आहे आणि इमारतीच्या आतल्या काही हातांवर अडली आहे. वाद आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला, 2006 मध्ये निर्णय फ्लॅगच्या बाजूने लागला. ट्रायने 2005 मध्ये खासगी आंतरराष्ट्रीय जोडण्यांच्या दरांना कमाल मर्यादा घातली. मोठ्या क्षमतेच्या जोडण्यांची मर्यादा आधीच्या निम्म्याहून खाली आली. 2007 च्या जूनमध्ये आणखी एक नियम झाला. त्याने लँडिंग स्टेशनला ‘अत्यावश्यक सुविधा’ म्हटलं आणि दुसऱ्या कंपन्यांना तिथे प्रवेश द्यायला भाग पाडलं. तो प्रवेश देण्याचे पैसे किती घ्यायचे, यावर पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या, ते सोडून देऊ. आमचा मुद्दा असा की या सगळ्या काळात फ्लॅगची समुद्राखालची काच तीच होती. बदलला तो दर आणि परवानगी. म्हणून मडक्याचं कारण शोधणाऱ्याने टेराबिट मोजण्याआधी दाराशी कोण उभा होता आणि किती मागत होता, हे विचारायला हवं. सादरीकरण करणाऱ्यांना ते विचारायला संकोच वाटतो, कारण पुष्कळदा दाराशी उभा असलेलाच सादरीकरणाचा खर्च करत असतो.

कोणी म्हणेल, तुम्ही तत्त्वज्ञ नुसते खोडे घालता, बँडविड्थचा चांगला परिणाम झाल्याचा पुरावा दिला तरी मानणार नाही. मानतो. एक पुरावा आम्ही स्वतःच देतो. 2009 पर्यंत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे केनियासारखे देश उपग्रहावर जगत होते. त्या जुलैमध्ये सीकॉम ही केबल तिथे पोचली. तिचं एक टोक आपल्या मुंबईलाच आहे. योनास योर्ट आणि योनास पोल्सेन या दोन अर्थतज्ज्ञांनी अशा केबली आल्यानंतरचा बारा आफ्रिकी देशांचा अभ्यास केला, तो 2019 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत आला. त्यांनी दोन रेघा काढून ‘बघा’ म्हटलं नाही. केबल येण्याआधी आणि आल्यानंतर, जमिनीवरच्या जाळ्याला जोडलेल्या जागा आणि न जोडलेल्या जागा, असं चौकटीत मांडून पाहिलं. जोडलेल्या जागी रोजगार वाढला, कमी शिकलेल्यांचाही वाढला आणि दुसरीकडचा पळवून वाढला असंही दिसलं नाही. नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं. ही पद्धत आम्हाला पटली म्हणून निष्कर्षही पटला.

पण त्यातलं एक वाक्य लोक वाचत नाहीत. फायदा मोजला तो जमिनीवरचं जाळं आधीच पोचलेल्या जागांवर. केबल सगळ्यांच्या किनाऱ्याला लागली. कालव्याच्या चाऱ्या होत्या तिथेच पाणी गेलं. आपल्याकडे चाऱ्या खणायचं काम, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू न्यायचं, 2011 मध्ये मंजूर झालं. त्याची मुदत किती वेळा पुढे गेली ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. टेलच्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही.

जुनंही काही नवं नाही. 1870 साली ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. आगबोटीने आठवडे घेणारा लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईला काही तासांत कळायला लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं, वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणायला. त्या काळात आलेख काढणारा कोणी असता तर दोन सुंदर रेघा मिळाल्या असत्या, तारेचे संदेश आणि कापसाची निर्यात. पण भाव आधी कळे तो मुंबईच्या पेढीला, रॅली आणि व्होल्कार्टसारख्या परदेशी खरेदीदारांना. कापूस पिकवणाऱ्याला भाव कळे बाजारात गाडी सोडल्यावर, ज्याला विकायचा त्याच्याच तोंडून. आणि 1899-1900 च्या दुष्काळात तारेने जोडलेल्या, रेल्वेने जोडलेल्या त्या वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. बातमी वेगाने धावली हे खरं. बातमीचा पैसा कोणी केला, हा निराळा प्रश्न होता.

आता आम्ही आमच्याच बाजूवर एक आक्षेप घेतो. आर्थिक परिणाम, आर्थिक परिणाम म्हणतो तो मोजतो कसा? आमची मुलगी न्यू जर्सीला. 2000 साली तिला फोन करायचा तर मिनिटाला साठेक रुपये पडत. आमची सौ. घड्याळ घेऊन शेजारी उभी. पाच मिनिटांत रडणंसुद्धा उरकून घ्यायचं. त्या पाच मिनिटांचे तीनशे रुपये राष्ट्रीय उत्पन्नात जमा होत. आज रोज रात्री अर्धा तास नातवंडं पडद्यावर दिसतात, धाकटी आजीला दात दाखवते, आणि हिशेबात जवळजवळ शून्य जमा होतं. 2014 मध्ये एक जीबी मोबाईल डेटाला देशात सरासरी 269 रुपये पडत, 2018 मध्ये बारा रुपयांच्या आत. लोकांना मिळणारं वाढतं आणि त्याची किंमत कोसळते तेव्हा उत्पन्नाच्या आकड्यात ते धड दिसत नाही. म्हणजे ज्या फुटपट्टीने बँडविड्थचं कौतुक चाललंय तीच फुटपट्टी तिचा सगळ्यांत मोठा लाभ मोजायला नालायक आहे. आलेखवाल्यांनी चुकीचं कौतुक केलं, आणि बरोबर कौतुक करायचं राहूनच गेलं.

तुटल्यावर काय होतं तेही पाहू, कारण व्यतिरेक तिथेच कळतो. 30 जानेवारी 2008. अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी 4 आणि फ्लॅग या दोन केबली तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची निम्म्याहून जास्त क्षमता गेली. आमचा एक भाचा तेव्हा पुण्यात रात्रपाळीला होता. दोन रात्री सगळे नुसते चहा पीत बसले, आणि त्या दोन रात्रींचा पगार पुढे कापला गेला. मोठ्या कंपन्यांनी मात्र आपलं काम पूर्वेकडून, पॅसिफिकमधून वळवून घेतलं. त्यांनी दुसरी वाट आधीच विकत घेऊन ठेवली होती. तीच केबल, तीच तूट, आणि परिणाम माणूस पाहून वेगळा. 2024 च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात पुन्हा तेच. हल्ल्यात सापडलेलं रुबीमार जहाज नांगर ओढत वाहवत गेलं आणि तीन-चार केबली एकदम गेल्या. आशिया-युरोपची रहदारी अशा दोन-तीन चिंचोळ्या गल्ल्यांतून जाते. क्षमता अडीच लाख पट झाली, पण गल्ल्या तेवढ्या पटींत वाढलेल्या नाहीत. एकूण टेराबिटच्या आकड्यात ही गोष्ट लपून राहते.

आणि दारं? ती पुन्हा मोजकी होत चालली आहेत. पूर्वी केबली टेलिफोन कंपन्यांच्या संघांच्या असत. आता गूगल आणि मेटा स्वतः टाकतात. जगातल्या वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय बँडविड्थपैकी दोन तृतीयांशांहून अधिक अशा मोजक्या कंपन्याच वापरतात. मेटाने 2025 च्या फेब्रुवारीत 50,000 किलोमीटरहून लांब केबल जाहीर केली, तीही भारताला लागणार आहे. म्हणजे वाहून नेणारा तोच, आणि माल ज्याचा तोही तोच. त्यांनी काही वाईट केलं असं आम्ही म्हणत नाही. पण 2007 मध्ये ज्या न्यायाने आपण एका इमारतीला अत्यावश्यक सुविधा म्हणालो, तो न्याय यांना लागू करायचा की नाही, हे कोणी विचारताना ऐकू येत नाही. ट्रायला आमची एक सूचना आहे. टेराबिटचा आकडा छापाल तेव्हा त्याच्या शेजारच्या रकान्यात मुंबईच्या किनाऱ्यावर एका मेगाबिटला काय पडतं आणि सांगोल्याला काय पडतं, हे दोन दर छापा. केबली किती मालकांच्या आणि किती गल्ल्यांतून येतात, तेही छापा. मग आम्ही आलेख आनंदाने बघू.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी आम्ही गेल्या महिन्यात वर्सोव्याला जाऊन आलो. मुंबईत उतरणाऱ्या बऱ्याच केबली तिथे वाळूखालून वर येतात. बघण्यासारखं काही नाही. वाळू, होड्या, वाळत घातलेले बोंबील. एक वयस्क कोळी जाळं शिवत बसले होते. त्यांना विचारलं, ‘इथून इंटरनेटच्या तारा जातात, ठाऊक आहे का?’ म्हणाले, ‘आहेत म्हणतात. नांगर टाकायला जपा म्हणून सांगतात.’ त्याचं तुम्हाला काय मिळतं, असं विचारल्यावर हसले. मग खिशातून फोन काढून मुलाचा फोटो दाखवला. मुलगा मालवाहू बोटीवर आहे, बंदराला लागली की रोज बोलतो. आमच्या मुलीसारखंच. मग आपणहूनच म्हणाले, ‘रिचार्ज मात्र महाग केला हो त्यांनी.’ 2024 च्या जुलैत सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले होते, त्याबद्दल ते बोलत होते. आम्ही विचारलं, ‘त्यांनी म्हणजे कोणी?’ त्यांनी समुद्राकडे बघितलं, मग मागच्या उंच इमारतींकडे बघितलं आणि परत जाळं शिवायला लागले.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. तिसऱ्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, त्यांच्यापासून सुरू करू.